काळ्या लोकरीचे टाके

बदली झाली की मागच्या ठाण्यातले गुन्हे माणूस मागेच ठेवून येतो. ही एक घटना मात्र माझ्यासोबत निवृत्तीपर्यंत आली आणि अजूनही मनातून गेलेली नाही. कारण तिच्यातली पहिली चूक माझी होती.

तेव्हा मी सोलापूरच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी उरकून मी केबिनमध्ये टपाल बघत बसलो होतो, तेवढ्यात एक मेंढपाळ आणि त्याची एकोणीस वर्षांची मुलगी ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. बापाच्या डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदानी चाचणी बारा दिवसांवर आली होती आणि ती रोज फटफटायच्या वेळी मंद्रूपकडून सोलापूरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने पळत असे.

पळताना कुणीतरी तिचा व्हिडिओ काढला होता. पंधरा-वीस सेकंदांचा, पाठमोरा. अंगात टी-शर्ट आणि गुडघ्याच्या वर येणारी हाफ पँट. खाली ओळ लिहिली होती, ‘आपल्या तालुक्यात हे काय चाललंय? आईबाप झोपलेत का?’ दोन दिवसांत तो गावोगावच्या ग्रुपवर फिरला आणि मग अनोळखी माणसं त्या रस्त्यावर तिची वाट बघत उभी राहू लागली.

“एकानं गाडी आडवी लावली,” मुलगी सांगत होती. “म्हनला, तुला लाज न्हाय व्हय? मी त्याला वळखत बी न्हाय.”

अंमलदाराने लिहिता लिहिता विचारलं, “पँट किती आखूड होती?”

मुलीने हातातल्या पिशवीतून तीच पँट काढली आणि त्याच्या टेबलावर ठेवली. “मोजा की.”

निळी, स्वस्तातली पँट. पुढून उजव्या मांडीवर काळ्या लोकरीचे जाड टाके होते. बाभळीच्या काट्याने फाटली आणि तिच्या आईने घरात होती ती घोंगडीची लोकर दाभणात ओवून शिवली. अंमलदाराने तेही तक्रारीत लिहून घेतलं.

मी बाहेर आलो होतो. अंमलदाराला मी एका शब्दाने टोकलं नाही. उलट मोठ्या शहाणपणाने मुलीला म्हणालो, “बाळ, बारा दिवसांचाच प्रश्न आहे. फुल पँट घालून पळ ना. कशाला लोकांच्या तोंडी लागायचं?”

“घामानं ती पायाला चिकटती, सायेब. दोन-तीन सेकंद जात्यात. भरतीत मार्क सेकंदाला हायत.”

बाप म्हणाला, “सायेब, मी ल्हान आसताना गावात हवालदार यायचा. अर्ध्या चड्डीवरच यायचा की त्यो. आमी त्याला भ्यायचो, हसत नव्हतो.”

नोकरीत मला निरुत्तर करणारे वकील भेटले, पुढारी भेटले, पण त्या दिवसाइतकी शरम कधी वाटली नाही. मी गुन्हा नोंदवून घ्यायला सांगितलं आणि मुलीला म्हणालो, “तू उद्या पळ. आमचा माणूस रस्त्यावर राहील.”

बापाने मान हलवली. “न्हाय सायेब. मेंढरांच्या वाड्यावर लांडगा आला तर आदी त्यो कुटनं आला ते बगतूय आमी. ज्यानं ह्ये काढलं त्यो माझ्या म्होरं उबा ऱ्हाऊ द्या. तवर पोरगी घरातच.” मुलगी पँटची घडी करून पिशवीत ठेवू लागली. तिचे बारा दिवस माझ्या हातात होते.

गाडी आडवी लावणारा दुसऱ्याच दिवशी सापडला. ठाण्यात आल्यावर त्याची संस्कृती पाच मिनिटांत उतरली, पण व्हिडिओ त्याने काढला नव्हता, त्यालाही कुणीतरी पाठवला होता. ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. सायबर शाखेला पत्र गेलं आणि उत्तराला वेळ लागणार होता. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. उंचावरून, चालत्या गाडीतून काढलेला होता आणि वरच्या कोपऱ्यात हिरव्या झालरीचा तुकडा दिसत होता. एवढाच काय तो धागा.

पाचव्या दिवशी दुपारी एक मुसलमान बसचालक ठाण्यात आला. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कपड्याच्या कारखान्याचे कामगार तो आणत-नेत असे. दार लोटून घेऊन मोबाईलवर तोच व्हिडिओ दाखवत म्हणाला, “साब, ये झालर मेरे गाडी की है. मेरी घरवाली सी को दी. पन मेरा नाम नक्को लेव, नौकरी जाती.”

“मग आलात कशाला?” मी विचारलं.

“मेरी बी बच्ची है साब. बुरखा पेन को कालेज जाती. रस्ते में उसकू बी बोलतेच लोगां.”

म्हणजे अंग झाकलं तरी बोलणारे बोलतातच. त्याला मी चहा पाजला, त्याचं नाव कुठेही येणार नाही असा शब्द दिला आणि तो पाळला.

बसच्या ज्या खिडक्यांना ती झालर होती तिथे रोज चौघे बसत, असं चालकाकडून कळलं. सातव्या दिवशी चौघांना नोटीस देऊन बोलावलं. माझा अनुभव सांगतो. ‘तू केलंस का?’ असं विचारलं की जगातला प्रत्येक माणूस ‘नाही’ म्हणतो. त्यापेक्षा त्याचं मत विचारावं. रागावलेल्या माणसाला मत पोटात ठेवता येत नाही. मी एकेकाला आत घेऊन चहा दिला आणि एवढंच विचारलं, “त्या मुलीच्या कपड्यांबद्दल तुमचं काय म्हणणं?”

पहिला म्हणाला, “गाडीत बसलं की आमी झोपतो, सायेब.” दुसऱ्याला पँट काळी की निळी तेही सांगता येईना. तिसरा म्हातारा होता. “पळंना का बिचारी, आपलं काय जातंय?” म्हणाला आणि बशीतला चहा संपवून गेला.

चौथा पंचेचाळिशीचा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बाहीला चिकटलेला दोऱ्याचा तुकडा. चहा बशीत ओतता ओतता तो बोलू लागला.

“लई बेकार, साहेब. कापड पातळ. खालची पट्टी नीट दुमडल्याली न्हाय. आनि उजव्या मांडीवर काळ्या लोकरीनं टाके! पॉलिस्टरला लोकर लावतं व्हय कुनी? आसं घालून रस्त्यावर यायचं?”

मी विचारलं, “टाके पुढून आहेत ना?”

“व्हय की. पुढनंच.”

“व्हिडिओत ती पाठमोरी आहे.”

त्याने बशी खाली ठेवली. पंचांसमक्ष त्याचा मोबाईल ताब्यात घेतला. त्यात अख्खा व्हिडिओ होता, समोरून पळत येणाऱ्या मुलीपासून सुरू होणारा. मी विचारायच्या आत तोच म्हणाला, “तोंड दिसत हुतं म्हनून पुढचं कापलं, साहेब. मी काय वाईट मानूस न्हाय.”

“कारखान्यात काम काय तुमचं?”

“चेकर. माल तपासतो.”

“सध्या कसला माल चालू आहे?”

“शाळेच्या खेळाच्या ड्रेसचा.”

“मुलींच्या?”

“व्हय.”

“हाफ पँट?”

“व्हय, तीच.”

“तिथं राग येत नाही?”

“तितं त्यो माल आसतो, साहेब.”

गुन्हेगार मी खूप पाहिले, पण या उत्तराने मला जितका संताप आला तितका खुनाच्या आरोपीनेही आणला नसेल. हा माणूस खोटं बोलत नव्हता. मुलींचे कपडे त्याला चालत होते, फक्त आत मुलगी नको होती.

संध्याकाळी बाप आणि मुलगी आली. चेकर भिंतीशी उभा होता. बापाने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“मला वळखता?”

“न्हाय.”

“माझ्या पोरीला?”

“न्हाय.”

“मग तुमाला राग कुटनं आला?”

चेकरचे डोळे भरले. “चुकलं माजं,” म्हणाला. “मी हिला नवी पँट शिवून देतो. चांगल्या कापडाची.”

“नगं,” मुलगी म्हणाली. “हीच ऱ्हाऊ द्या. आयनं शिवल्याली हाय.”

बाप तिच्याकडे वळला. “बगितलास न्हवं? लांडगा न्हाय, मानूसच हाय. उद्यापास्नं पळ.”

गुन्हा मी मिटवू दिला नाही, प्रकरण रीतसर न्यायालयात गेलं. मुलीला पाच दिवस मिळाले. चाचणीच्या दिवशी मी मैदानावर बंदोबस्तात होतो. ती त्याच पँटवर पळाली. तिच्या गटात ती पहिली आली तेव्हा बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्याने टाळ्या वाजवायच्या नसतात हे मी विसरलो. त्या भरतीत ती लागली.

या गुन्ह्याने मला तपासाची नवी युक्ती शिकवली असं कुणी म्हणेल. युक्ती जुनीच होती. शिकलो ते एवढंच की चेकर बसमध्ये बसून जे करत होता, तेच मी आणि माझा अंमलदार ठाण्यात बसून करत होतो. माल तपासत होतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या हाताखालच्या कुणीही तक्रार द्यायला आलेल्या बाईला ‘अंगात काय घातलं होतं?’ असं विचारलं, की मी त्याला तिथेच सगळ्यांदेखत उभा करायचो आणि विचारायचो, “आणि तू काय घातलंयस?”

तो आपल्या अंगावरच्या खाकीकडे बघायचा, आणि मग पुढचा प्रश्न नीट विचारायचा.