उतरवायची राहिलेली दोरी

माझे यजमान गेले त्या सकाळी त्यांनी धनुष्याला दोरी चढवली, चहा मागितला आणि खुर्चीत बसले. चहा त्यांनी घेतला नाही. तो मी नंतर कधीतरी ओतून दिला असणार. दोरी मात्र तशीच चढलेली राहिली. ती उतरवायला हवी हे मला माहीत होतं, पण मला ती उतरवता येत नव्हती. पुढे आमच्या घरात जे काही झालं ते या एवढ्याशा अडचणीपायी झालं.

आम्ही मूळचे जळगावकडचे. लग्नानंतर बोईसरला आलो ते यांच्या नोकरीमुळे. तारापूरच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला होते आणि कुंभवलीच्या बाजूला आमचा फ्लॅट आहे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या कुणी देवळाची कमिटी धरली, कुणी मोबाइल धरला. यांनी धनुष्य धरलं. कारखान्यातल्या एका मदतनिसाच्या मुलीच्या लग्नाला वाणगावच्या पुढे, डोंगराकडच्या पाड्यावर गेले होते. तिथे एक म्हातारेबाबा झाडाखाली बसून धनुष्यासाठी धामणीचं लाकूड तासत होते. हे त्यांच्यासमोर जे बसले, ते जेवणाच्या पंगती उठल्या तरी उठले नाहीत. लग्न लागलेलं त्यांनी पाहिलंच नाही. मुलीच्या हातात पाकीट द्यायचं राहिलं आणि ते तसंच खिशातून घरी परत आलं.

काही महिन्यांनी धनुष्य तयार झालं. ते घेताना यांनी, यंत्रांच्या सवयीने, विचारलं की हे किती वर्षं टिकेल. बाबांनी यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "नीट ठेवला त तुमच्यापरीस जास्त टिकल."

हा प्रसंग त्यांनी किती जणांना सांगितला असेल याची गणती नाही. सांगताना दरवेळी मांडीवर थाप मारून हसायचे. ऐकणाऱ्याला हसावं की नाही हे कळायचं नाही. मला तर मुळीच कळायचं नाही.

पण "नीट ठेवला त" हे शब्द त्यांनी फार मनावर घेतले. धनुष्य भिंतीला टेकवून उभं ठेवायचं नाही, दोन खुंट्यांवर आडवं ठेवायचं. उन्हात नाही, ओलीत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे चपलांनाही बुरशी येते, तेव्हा ते धनुष्य कापडात गुंडाळून पलंगावर मधोमध ठेवायचे आणि आम्ही दोघं दोन कडांना झोपायचो. दर पंधरवड्याला जवसाचं तेल. दोरीला मेण. शिरगावच्या समुद्रावर जाऊन आलं की धनुष्याला हात लावण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे, कारण हवेत मीठ असतं. माझे गुडघे त्या काळात बरेच दुखत होते. एकदा मी म्हटलं, की या घरात ज्याची हाडं दुखत नाहीत त्यालाच तेल मिळतं. तर त्यांनी खरंच येऊन माझ्या गुडघ्यांना जवसाचं तेल चोळलं. आठवडाभर मला ताज्या पॉलिश केलेल्या कपाटाचा वास येत होता.

या सगळ्यांच्या वर दोन मोठे नियम होते. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. बाणाबरोबर जायचा तो सगळा जोर उलटा लाकडात शिरतो आणि लाकूड कधीतरी तडकतं. आणि काम झालं की दोरी उतरवायची. ताणलेलं लाकूड थकतं, मग वाकलेलंच राहतं. या दुसऱ्या नियमाला त्यांनी कधी सुट्टी दिली नव्हती. त्या सकाळी ते मागच्या मोकळ्या प्लॉटवर निघाले होते, तिथे पेंढा भरलेलं एक पोतं त्यांचं निशाण होतं. चहापुरतं म्हणून धनुष्य दोरीसकट खुंट्यांवर ठेवलं आणि बसले.

नंतर घर भरलं. रेल्वेने, गाडीने, जळगाव, धरणगाव, नाशिक, सगळीकडून माणसं आली. आमच्याकडे दुखवट्याला येण्याला दारावर येणं म्हणतात. दारावर आलेली बाई माझ्याजवळ बसायची आणि मी रडते का ते बघायची. मला रडू येत नव्हतं. मी लहानपणापासून सावकाश माणूस आहे. पुस्तकाचं पानसुद्धा मी दोनदा वाचल्याशिवाय उलटत नाही. पण घरात याची काळजी सुरू झाली. आतल्या खोलीत कुजबुज चाले, की हिने मोकळं व्हायला हवं, असं कोंडून ठेवणं बरं नाही.

दारावर आलेला पुरुष समोरच्या खुर्चीवर बसायचा. कसं झालं ते विचारायचा. धाकटे दीर ते सांगायचे, रोज तेच, आणि रोज थोडं वाढवून. मग सगळे गप्प. पुरुषमाणसाला त्या गप्प बसण्यात हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. तो जमिनीकडे बघतो, पंख्याकडे बघतो, आणि पंख्याकडून उतरताना त्याची नजर भिंतीवर जाते. मला तो क्षण आता आधीच कळायला लागला होता. नजर धनुष्यावर थांबायची. "हे... त्यांचं का?" मग तो उठायचा.

एकही पुरुष असा आला नाही की जो उठला नाही. बँकेतून निवृत्त झालेले, मणक्याला पट्टा बांधलेले, यांचे आतेभाऊ, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे. धनुष्य खाली काढायचे, वजन तोलायचे, छाती पुढे काढायचे, दोरी कानापर्यंत ओढायचे आणि बाणाशिवाय सोडून द्यायचे. टणत्. चेहऱ्यावर क्षणभर फार चांगलं काहीतरी उमटायचं, मग आपण कुठे आलो आहोत ते आठवून चेहरा पुन्हा पडायचा. कारखान्यातला यांचा एक जुना सहकारी, गोरखपूरकडचा, त्याने तर तीनदा ओढलं. म्हणाला, "भाभीजी, इसमें तो अभी बहुत जान है।" आणि डोळे पुसले. त्याच्यावर रागावणार तरी कशी?

प्रत्येक टणत् माझ्या दातांत जायचं. चढलेली दोरी, थकत चाललेलं लाकूड, आणि वर हे. माझ्या मनात एकच हिशेब होता. म्हाताऱ्याबाबांनी सांगितलं होतं की हे यांच्यापेक्षा जास्त टिकेल. ते टिकलं नाही, आणि तेही तेराव्याच्या आत, तर मग त्या सगळ्या तेलाचा, त्या पावसाळ्यांचा आणि मांडीवर मारलेल्या त्या थापांचा अर्थ काय?

मी बोलून पाहिलं. दिरांना म्हटलं, "भावजी, त्याची दोरी उतरवायला हवी." त्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि म्हणाले, "उतरवू वहिनी. सगळं होईल. तुम्ही कसला विचार करू नका." थोड्या वेळाने त्यांनी माझ्यासाठी लिंबू-सरबत पाठवलं. म्हणजे ते आत जाऊन काय म्हणाले असतील ते मला कळलं. दुखवट्यात बाईच्या शब्दांना अर्थ उरत नाही. ती काहीही म्हणाली तरी ते दुःखच म्हणते आहे असं धरतात.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच म्हटलं. तेव्हा दिरांनी माझं मन राखायचं ठरवलं. धनुष्य मांडीवर घेतलं आणि दोरीचा फास नखांनी ओढून पाहिला. मग पक्कड आणवली. फास जागचा हलेना. दीर मनाचे चांगले आहेत, पण धीर हा त्यांचा विषय नाही. ते आतल्या दिशेने ओरडले, की जरा कात्री द्या, कापून टाकतो.

ताणलेल्या धनुष्याची दोरी कापली तर काय होतं हे मला यांनी एकदा जेवताना वरणात बोट बुडवून ताटावर काढून दाखवलं होतं. दोन्ही बाहू एकदम सुटतात आणि लाकडाचे तुकडे होतात. कात्री स्वयंपाकघरातून निघाली होती.

"कापायची नाही," मी म्हटलं.

माझा आवाज इतका मोठा निघेल याची मलाही कल्पना नव्हती. सगळं घर थांबलं. कुणीतरी कुकरसुद्धा बंद केला. दिरांनी धनुष्य हळूच परत खुंट्यांवर ठेवलं. मला सगळ्यांच्या डोळ्यांत दिसलं, की आता हिचं काही खरं नाही.

थोरल्या नणंदेने मला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं, मी पडावं म्हणून. यांच्याहून त्या मोठ्या. यांना कडेवर घेऊन गावभर हिंडलेल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आणि अजूनही घराला त्या शाळेसारखंच चालवतात. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "आता रडू नकोस. आधी त्या लाकडाचं काय ते मला नीट सांग."

इतक्या दिवसांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही मान हलवली नाही. शेवटी विचारलं, "ती उतरवायची कशी?"

रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी ते बघत आले होते. उजवा पाय दोरी आणि लाकूड यांच्या मधून घालायचा. खालचं टोक डाव्या पावलावर अडकवायचं. धनुष्याचा मधला भाग मांडीच्या मागे, आणि वरचं टोक जोर लावून पुढे दाबायचं. दोरी सैल पडते की फास खाचेतून सरकवायचा. सांगायला सोपं आहे.

"मग घाल पाय," नणंद म्हणाल्या. त्या बाहेर गेल्या, पुरुषांना बाजूला व्हायला सांगितलं आणि धनुष्य पदराखाली लपवून आत आणलं. पाच फुटांचं धनुष्य पदराखाली जितकं लपेल तितकं.

पहिली अडचण साडीची. साडीत तसा पाय घालता येत नाही. नणंदेने कपाट उघडलं, वर घडी करून ठेवलेला यांचा पांढरा पायजमा काढला आणि माझ्या अंगावर टाकला. मी तो घातला. नाडी त्यांनी बांधली, शाळेतल्या पोराची बांधावी तशी, दोन गाठी मारून. यांच्या कपड्यांना मी गेले कित्येक दिवस हात लावला नव्हता. पण हे असं अंगावर आल्यावर त्याचं काही वाटायला वेळच मिळाला नाही.

मी पाय घातला. नणंदेने वरच्या टोकावर सगळा भार टाकला. त्यांचा भार कमी नाही, पण तो भलत्याच दिशेला गेला. आम्ही दोघी कपाटावर आदळलो. कपाटावरची सुटकेस खाली आली.

"धरून ठेव!"

"ताई, मला नाही जमायचं."

"जमायला हवं. सोडू नकोस. आता सोड. अगं, सोड आता!"

बाहेरचं सगळं बोलणं थांबलं होतं. दाराशी दिरांचा दबका आवाज आला, की कुणी आत जाऊ नका. लागू द्या एकदाचं रडायला.

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. त्यांच्या अंबाड्याचा आकडा निखळून तोंडापर्यंत आला होता आणि त्या फुंकर मारून तो बाजूला करत होत्या, कारण दोन्ही हात गुंतलेले. पुन्हा जोर लावला. फास एक बोटभर सरकला, अडला, आणि मग एकदम सुटला. धनुष्य सरळ झालं आणि त्याचं वरचं टोक नणंदेच्या खांद्यावर बसलं. "ओ माय! मेले!" असं म्हणत त्या पलंगावर पडल्या, त्यांच्यावर मी, आणि आमच्या मध्ये ते, पावसाळ्यात असायचं तसं.

आम्ही हसायला लागलो. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नणंदेने उशी तोंडावर धरली, मी तिचं दुसरं टोक चावलं. उशीतून हसण्याचा जो आवाज निघतो, तो अगदी दुसऱ्याच कशासारखा असतो. आणि थोड्या वेळाने तो माझ्या बाबतीत खरंच दुसरा झाला. नेमका कधी, ते मला सांगता येणार नाही. नणंद उशी तशीच धरून पडून राहिल्या. त्यांचंही तेच चाललं होतं.

दारावर टकटक झाली. दीर पाण्याचा पेला घेऊन उभे होते. मी पायजम्यावरूनच साडी नेसले होते, घाईघाईने. पुढचा सबंध दिवस मी तशीच, यांचा पायजमा आत घालून, दारावर येणाऱ्यांमध्ये बसले. दिरांनी माझे सुजलेले डोळे पाहिले, नणंदेचे विस्कटलेले केस पाहिले आणि बाहेर जाऊन सगळ्यांना म्हणाले, की झालं, मोकळी झाली. घराने श्वास सोडला. कुकर पुन्हा सुरू झाला.

धनुष्य मी स्वतः खुंट्यांवर ठेवलं. ते पूर्ण सरळ झालं नव्हतं. मधोमध किंचित बाक राहिला होता, अजूनही आहे. पण कुठे चीर नव्हती. मी बोट फिरवून दोनदा पाहिलं.

त्यानंतर दारावर येणारे पुरुष उठायचे, धनुष्य काढायचे, आणि दोरी चढलेली नाही हे पाहून गोंधळायचे. ओढायला काही नाही. काठी हातात घेऊन उभे. पहिल्यांदा तसे उभे राहिलेल्या काकांची मला दया आली. मी आतून जवसाच्या तेलाची बाटली आणि फडकं आणून त्यांच्या हातात दिलं. ते काही न विचारता खाली बसले आणि तेल लावू लागले. त्यांच्यामागून आलेल्यानेही लावलं. तेराव्यापर्यंत ही रीतच पडून गेली. सूट घातलेली माणसंसुद्धा मांडीवर रुमाल टाकून तेल चोळत बसायची आणि तेल चोळता चोळता यांच्याविषयी बोलायची. तोंडापुरतं नाही, खरं बोलायची. यांनी पंधरवड्याचा नियम घालून दिला होता. इतकं तेल त्या लाकडाने जन्मात पाहिलं नसेल.

शेवटच्या दिवशी, पाहुणे निघायच्या आधी, दीर तेल लावत बसले होते. फार मन लावून, टोकापासून टोकापर्यंत. मग धनुष्य उजेडात धरून एक डोळा मिटून पाहिलं आणि मला विचारलं, "वहिनी, हे असं किती वर्षं टिकतं?"

खोलीत बरीच माणसं होती. ती गोष्ट त्यातल्या बहुतेकांनी यांच्या तोंडून ऐकलेली होती.

"नीट ठेवलं तर," मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा जास्त टिकेल, भावजी."

हसावं की नाही ते कुणालाच कळेना. मग कोपऱ्यातून, दुखऱ्या खांद्यावर हात ठेवून बसलेल्या नणंदेने दुसऱ्या हाताने मांडीवर थाप मारली.