केळफुलाची हरकत

कंटाळवाणं काम समोर आलं की सुमतीकाकूंना हर्ष व्हायचा. आमच्या सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा वाटलं होतं, बाई आता कपाळाला हात लावणार. तीन सेक्रेटरींनी तीन तऱ्हांनी टाइप केलेलं ते बाड. मथळा कुठे ठळक, कुठे तिरका, कुठे गायबच. काकूंनी माझा पेनड्राइव्ह लावला, दहा पानं खालीवर केली आणि विचारलं, "सगळ्या पानांवर हेच करायचं हाय?" मी अपराधी चेहऱ्यानं हो म्हटलं. "वा," म्हणाल्या, आणि पदर खोचला.

काकू उमेळे गावच्या, केळीच्या वाड्या करणाऱ्या घरातल्या. तीस वर्षं कोर्टाबाहेर टायपिंग करून मग वसई स्टेशनजवळ त्यांनी गाळा घेतला आणि साठीला टेकल्यावर मॅक्रो शिकल्या. मॅक्रो म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं सोपं मला कुणी सांगितलं नाही. "आपन एकदा करून दाखवायचं, मशिनीनं बघून ठेवायचं. मग कळ दाबली का तिनं निमूट करत बसायचं." कळ दाबली की पडद्यावर समास जागेवर येत, मथळे शिस्तीत उभे राहत, आणि काकू टाळ्या पिटून हसत. दिवसात पन्नास वेळा दाबली तर पन्नास वेळा. त्यांचं तत्त्वज्ञानही तयार होतं: "एकदा केलं ते काम, दुसऱ्यांदा केलं ती हमाली, तिसऱ्यांदा केलं तर तो मानूस गाढव."

मॅक्रोंना त्यांनी नात्यांची नावं दिली होती. 'सासूबाई' चालवली की सगळ्या चुका पिवळ्या व्हायच्या, दुरुस्त एकही नाही. 'धाकटी जाऊ' गुपचूप फिरून जास्तीच्या मोकळ्या जागा झाडून काढायची. 'नवरा' चालवला की काहीच व्हायचं नाही. "पन असावा," काकू म्हणत, आणि शेजारी पेपर वाचत बसलेले भास्करकाका पान उलटत.

इतक्या वर्षांच्या डिक्टेशननं काकूंचे कान थेट बोटांना जोडले गेले होते. कानावर पडेल ते टाइप व्हायचं. आम्ही त्यावरून त्यांना चिडवायचो. एक दिवस मात्र ते भलतंच अंगाशी आलं.

गावाच्या वाड्यांमधून नवा रस्ता जाणार होता. नकाशावरची लाल रेघ काकूंच्या केळींवरून आणि जवळजवळ प्रत्येक घराच्या विहिरीवरून गेली होती. हरकती घरटी एक, ठरलेल्या नमुन्यात, शेवटच्या तारखेला पाचच्या आत द्यायच्या. लोकांनी आपापल्या मनानं मोबाइलवर लिहून पाठवल्या होत्या. कुणाची पाच पानं, कुणाच्या पाच ओळी. काकूंनी सकाळीच नवा मॅक्रो तयार केला. मग फाइल उघड, कळ दाब, छाप. मी रजा टाकून प्रिंटरमध्ये कागद भरत होतो. आम्ही गाणी म्हणत होतो, इतकी मजा चालली होती. साडेचारला दीडशेवर हरकती कचेरीत पोचल्या आणि शिक्के बसले.

परतल्यावर मी सहज एक प्रत वाचली. सहीच्या खाली नीट मधोमध छापलं होतं: 'केळफूल उतरवलंय, त्यात वाल घालायचे का.'

मी दुसरी प्रत पाहिली. तिसरी पाहिली. काकू मॅक्रोला काम करून दाखवत असताना भास्करकाकांनी भाजीचं विचारलं होतं, बोटांनी ते टिपलं होतं आणि मशिनीनं बघून ठेवलं होतं. मला हसू आवरेना. काकू मात्र पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "मिलिंद, माझ्यापायी गावाची वाडी गेली रे."

सुनावणीला भीती खरी ठरली. अधिकारी बाई काटेकोर होत्या. "सगळ्यांखाली एकच ओळ आहे. हे अर्ज एकाच माणसानं लिहिले असं का समजू नये?"

काकू उठल्या. "मजकूर ज्याचा त्याचा हाय, बाई. कोनताबी दोन वाचून बघा, जमत नाय एकमेकांशी. मी निस्ते सरळ केले. ती ओळ तेवढी माझ्या घरची. चूक माझी." मग म्हणाल्या, "पन केळफूल खरं हाय. तुमची लाल रेघ हाय ना, तिथंच लागतं ते."

बाईंनी एक अर्ज वाचला. मग दुसरा. पाचवा वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "मग वाल घातले का?"

"घातले," भास्करकाका मागून म्हणाले. सभागृह खदखदून हसलं. बाईही हसल्या आणि त्यांनी जागा पाहायला येण्याचा दिवस लिहून घेतला. आल्या, उन्हात दोन तास विहिरी मोजत फिरल्या, पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

काही महिन्यांनी पत्र आलं. रस्ता वाड्या सोडून कडेनं जाणार होता. पत्र बघवत नव्हतं: समास वाकडा, मथळा डावीकडे घसरलेला, शब्दाशब्दांत ढीगभर जागा. काकूंनी ते पुन्हा पुन्हा वाचलं, ओळीवर बोट ठेवून. डोळ्यांतलं पाणी पुसायचं त्यांना सुचलं नाही. मीही रडत होतो आणि हसतही होतो. मी म्हटलं, "काकू, द्या, स्कॅन करून सरळ करतो. मग फ्रेम करू."

त्यांनी कागद छातीशी धरला. "हात लावायचा नाय," म्हणाल्या. "हाय तसंच मढवून आन."

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. भास्करकाकांच्या ओटीवर ते पत्र अजून आहे, वाकड्या समासासकट.