नऊ वाजून दहा मिनिटांची नावं

डाव्हनितच्या नावात आठ अक्षरं आहेत आणि त्यातली काही नुसती बसायला आलेली आहेत. डी, ए, एम, एच, एन, ए, आय, टी. एम आणि एच शेजारी बसले की दोघांचा मिळून 'व्ह' होतो, हे ज्याला ठाऊक नाही तो माणूस परगावचा. आयर्लंडच्या आमच्या पश्चिम किनाऱ्यावर नावं अशीच असतात. लिहिताना आणलेली निम्मी अक्षरं बोलताना दाराबाहेर उभी करायची. कुणी तक्रार केली की म्हातारे म्हणतात, "अरे, नाव लिहायला थोडंच असतं? हाक मारायला असतं."

डाव्हनित एकोणतीस वर्षं जिल्ह्याच्या रेडिओवर मेलेल्यांची नावं वाचत आली. सकाळी नऊ दहाला, दुपारी बारा दहाला आणि संध्याकाळी पाच चाळीसला. केंद्र जुन्या दूध-डेअरीच्या माडीवर आहे, आणि पावसाळी हवेत तिथे अजून आंबट ताकाचा वास येतो. नऊ दहा झाले की जिल्हा थांबतो. ट्रॅक्टर बंद होतात, न्हाव्याची कात्री गिऱ्हाइकाच्या कानापाशी थबकते, धार काढणारा बाप्या गाईला "हो, हो" करून उभी ठेवतो. आमच्याकडे माणूस स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला तर लोक हसून सोडून देतात. पण शेजाऱ्याची माती चुकली तर तीन पिढ्या बोलून दाखवतात.

तिला हे काम मिळालं ते एका विधवेमुळे. केंद्र सुरू झालं त्या वर्षी डाव्हनित तिथे फोन उचलायची आणि चहा करायची. नावं वाचायला राजधानीतून एक गोड गळ्याचा गृहस्थ आणला होता. त्याने एके सकाळी टायग नावाच्या कोळ्याची बातमी वाचली. टायग लिहायला पाच अक्षरं, त्यातलं 'डी'ही गप्प आणि 'एच'ही गप्प. गृहस्थाने पाचही अक्षरांना बोलायला लावलं आणि नाव काढलं, "टॅडग". अर्ध्या तासात त्या कोळ्याची बायको कोट घालून माडीवर हजर. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "तुम्ही सकाळी कुणाला मारलंत मला माहीत नाही. मेलाय तो माझा टायग. पुन्हा वाचा." गृहस्थ कागद चाळत बसला. केंद्राचा प्रमुख डोनल, तेव्हा पोरसवदाच होता, त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि डाव्हनितला म्हणाला, "बाई, चहा राहू द्या. तुम्ही वाचा."

तेव्हापासून तिची एक पद्धत होती. अंत्यविधीवाल्याचा कागद आला की आधी वरपासून खालपर्यंत वाचायचा आणि मग त्या घरी फोन करायचा. "कळलं. वाईट झालं. घरात त्यांना हाक कशी मारायचात?" एवढं विचारून ती ऐकत राही. एकच नाव जिल्ह्याच्या दक्षिणेला 'क्वीव्हा' आणि उत्तरेला 'कीव्हा', आणि दोन्हीकडच्यांना वाटतं पलीकडचे गावंढळ. डाव्हनित ज्याच्या त्याच्या घरचं नाव ज्याच्या त्याच्या घरच्यासारखं घ्यायची. एकोणतीस वर्षांत तिने नाव चुकवलं नाही आणि गाळलं तर मुळीच नाही.

गाळण्याचा प्रश्न आमच्याकडे साधा नाही. मेलेल्याच्या मागोमाग वाचतात ती जिवंतांची यादी: अमक्याची पत्नी, तमक्यांची आई, फलाण्याची बहीण. त्या यादीत तुम्ही आहात की नाही, हे सगळा जिल्हा कान देऊन ऐकतो. बांधावरून भांडलेला भाऊ यादीत नसला की संध्याकाळपर्यंत प्रत्येक चुलीपाशी त्याचीच चर्चा. एकदा असाच एक गाळलेला भाऊ माडीवर आला होता. सहा फुटी माणूस, टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "बाई, कागदावर नसू दे. तुम्ही फक्त म्हणा. कुणाला कळतंय?"

"घरच्यांनी लिहिलं तेवढंच मी वाचते," डाव्हनित म्हणाली. "माझ्या पदरचं एकही नाव घालत नाही आणि त्यांचं एकही सोडत नाही." तो जिना उतरून गेला. ती वाईट नव्हती. पण कडक होती, आणि त्या कडकपणाचा तिला जरा अभिमानही होता.

तिची स्वतःची एक बहीण होती, ईदा. तीन वर्षांनी धाकटी. ईदा लग्न करून इंग्लंडात कॉव्हेंट्रीला गेली आणि तिथे मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लागली. एकोणऐंशी साली तिला मुलगी झाली. आमच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव. दोघींच्या आईचं नाव साइव्ह. डाव्हनितला मूल झालं नव्हतं आणि होणारही नव्हतं, तेव्हा ते नाव पुढे जायचं तर ईदाच्याच घरातून. साइव्ह म्हातारीने तर बाळासाठी लोकर आणून विणायलाही घेतलं होतं.

वसंतात पत्र आलं. आत फोटो, फोटोच्या मागे नाव: शॅरन. खाली ईदाने लिहिलं होतं, इकडे आपली नावं कुणाला वाचता येत नाहीत, पोरीला जन्मभर स्पेलिंग सांगत बसावं लागेल.

म्हातारी म्हणाली, "गोड आहे बाळ," आणि फोटो घड्याळामागे खोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी डाव्हनित माहेरी गेली तेव्हा आई परसात कोंबड्यांना दाणे टाकत होती आणि पुटपुटत होती, "शॅरन. शॅरन. शॅरन." कुणी नातीचं नाव विचारलं तर अडखळायला नको म्हणून घोकत होती. डाव्हनित दारातूनच परत फिरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात म्हातारी गेली. ईदा बोटीने आली. मातीनंतर, कबरस्तानाच्या फाटकात, शंभर माणसांच्या देखत डाव्हनित तिला म्हणाली, "आईला आज पुरलं असं वाटत असेल तुला. तू तिला वसंतातच पुरलंस, त्या फोटोमागे."

हे बोलणं ईदाने ऐकून घेतलं. मग बोटीने परत गेली, आणि चाळीस वर्षं दोघी बोलल्या नाहीत.

सहा वर्षांपूर्वी ईदा नवऱ्यासकट कायमची परत आली ती जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नवऱ्याच्या गावी किलनाबॉयला. तिथेच तो वारला. त्याची बातमी वाचायची तर डाव्हनित नेमकी त्या आठवड्यात सुट्टीवर होती. नेमकी म्हणजे काय, तिने सुट्टी काढली होती. तिच्यासमोर ईदाचा विषय काढायचा नाही हे सगळ्यांना पाठ झालं होतं. गेल्या हिवाळ्यात मात्र दुकानदारीण पाव बांधता बांधता हवेला म्हणाली, "उत्तरेकडे तब्येती बऱ्या नाहीत म्हणतात." डाव्हनितचा नवरा म्विरिश शेजारीच उभा होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "गाडी काढू का?"

"कशाला?"

"सहज."

"सहज पन्नास मैल कोण जातं?" डाव्हनित म्हणाली. त्यानंतर ती रोज सकाळी उठून ठरवायची की आज जायचं, आणि रोज काहीतरी निघायचं. सुंभ जळतो, पीळ जळत नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी केंद्रावरच्या छपाईयंत्रातून तीन कागद निघाले. दोन वाचून, त्या घरी फोन करून तिने बाजूला ठेवले. तिसऱ्याच्या वरच्या ओळीत ईदा होती.

डाव्हनितने कागद पालथा घातला. यादी खाली होती. नजर आणखी चार ओळी खाली गेली असती तर आपण तिची बहीण राहिलो आहोत की नाही ते कळलं असतं. घड्याळात नऊला पाच कमी होते. फोन समोर होता. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच तिने कागद आधी वाचला नाही आणि त्या घरी फोन केला नाही. स्वतःला सांगितलं, ह्या घरात हाक कशी मारतात ते मला कुणी शिकवायला नको. खरं एवढंच होतं की ती घाबरली होती.

नऊ दहाला लाल दिवा लागला. दोन नावं झाली. तिने तिसरा कागद उलटला.

"ईदा," ती वाचू लागली, "कॉव्हेंट्री आणि किलनाबॉयची. राहत्या घरी, शांतपणे. शॅरनची आई." शॅरन हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून निघाला आणि काही बिघडलं नाही. तिने पुढची ओळ घेतली. "साइव्हची आजी."

काचेपलीकडे डोनलने मान वर केली. डाव्हनितने ते नाव न अडखळता वाचलं होतं, वर्षानुवर्षांच्या सवयीने. वाचून झाल्यावर मग ते तिच्या अंगावर आलं. साइव्ह. म्हणजे हे कधीतरी घडलं होतं, कुठेतरी एक पोर ह्या नावाने मोठी झाली होती, आणि आपल्याला पत्ता नाही. पुढच्या ओळीत तिचं स्वतःचं नाव होतं. आठ अक्षरं, सगळी जागच्या जागी. डाव्हनितची बहीण.

चार सेकंद रेडिओवर काहीच नव्हतं. ज्या रेडिओसमोर जिल्हा श्वास धरून बसतो तिथे चार सेकंद फार असतात. मग ती म्हणाली, "घर खाजगी. उद्या सकाळी अकराला प्रार्थना, नंतर दफन. तिच्या आत्म्याला शांती लाभो." आणि दिवा विझला.

डोनल आत आला. तो आता पन्नाशीचा होता. त्याने पाण्याचा ग्लास ठेवला. इतक्यात फोन वाजला.

"तुम्ही एक नाव गाळलंत," पलीकडून इंग्लंडच्या वळणाचा कोवळा आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"साइव्ह. एस, ए, डी, एच—"

"मला ठाऊक आहे कसं लिहितात ते." आवाज नको तेवढा करडा निघाला.

"सॉरी. सवय झालीय. तिकडे सगळ्यांनाच सांगावं लागतं." मग तिने पुन्हा धागा पकडला. "कागद आजीने स्वतः लिहिलाय, जानेवारीत. आईला बजावून गेलीय की ह्यातला शब्द बदलायचा नाही. आणि तुम्ही आख्खं नाव उडवलंत!"

"माझंच होतं गं ते."

"मग काय झालं? कागदावर होतं ना?"

हा नियम डाव्हनितचाच होता. तिने खुर्ची ओढली आणि बसली. "तुझं नाव कुणी ठेवलं?"

"आजीने. आईला लिसा ठेवायचं होतं. मोठं भांडण झालं म्हणे. आजी म्हणाली, पोरगी सांगेल जन्मभर स्पेलिंग, त्याने कुणी मरत नाही." ती हसल्यासारखी झाली आणि हसू मधेच ओलं झालं. "कारखान्यात तिचं नाव लिहिलंय तसं वाचून सगळे 'आइड' म्हणायचे. चाळीस वर्षं. तिने कुणाला सुधारलं नाही. पण इकडे आल्यापासून रोज नऊ दहाला रेडिओ लावायची. आम्ही कुणी बोललो तर ओरडायची, गप्प बसा, माझी बहीण बोलतेय. म्हणायची, माझं नाव शेवटी तरी धड घेतलं जाईल."

डाव्हनित रडली. भिंतीकडे तोंड करून वगैरे नाही, खुर्चीवर बसल्या बसल्या, डोनलच्या समोर.

"मी ह्या सहा वर्षांत यायला हवं होतं," डाव्हनित अखेर म्हणाली.

"हो," साइव्ह म्हणाली. पोर आजीवर गेली होती, उगाच गोड बोलत नव्हती. "घर खाजगी म्हणजे फक्त घरचीच माणसं ना?"

"फक्त घरचीच."

"मग तुम्ही किती वाजता निघताय?"

"बारा दहाची नावं वाचते आणि निघते."

बारा दहाला तिने तिन्ही कागद पुन्हा वाचले. ईदाचा शेवटी घेतला. "शॅरनची आई. साइव्हची आजी. डाव्हनितची बहीण." स्वतःचं नाव तिने शेवटचं अक्षर जरा ओढून घेतलं, ईदा लहानपणी कुंपणापलीकडून हाक मारायची तसं. खाली म्विरिश गाडी सुरू करून बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याने रेडिओ ऐकला होता.

पाच चाळीसची नावं खेळाच्या बातम्या देणाऱ्या फिनबारला वाचावी लागली. तो एरवीच्या गुणफलक वाचायच्या चालीत वाचू लागला, घामाघूम झाला आणि पाचातल्या तीन नावांची पार वाट लावली. एक गेलेला मच्छीमार, एक शिक्षक आणि नव्वदीची एक म्हातारी, कुणालाच त्याने ओळखू येण्यासारखं ठेवलं नाही. डोनलने कपाळाला हात लावला, फोन जवळ ओढला आणि शिव्या खायला तयार होऊन बसला. साडेसहा झाले, सात झाले. त्या संध्याकाळी जिल्ह्यातल्या एकाही घरातून फोन आला नाही. बारा दहाची यादी सगळ्यांनी ऐकली होती.