उंदरांनी मुतलेली पांढरी साखर
आज कपाट उघडलं आणि उंदरांच्या मुताचा उग्र वास नाकात शिरला, तसं मला इंदापुरातलं ते वाण्याचं दुकान आठवलं. एकोणीसशे चौतीस-पस्तीसची गोष्ट. मी तिथं शाळामास्तर होतो आणि दुकानाच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. बर्फ कधीच न पाहिलेल्या पोरांना तो पांढरा का दिसतो हे कळावं, म्हणून मी दुकानाच्या ओट्यावर काचेसारखा खडीसाखरेचा खडा खलबत्त्यात कुटून दाखवला. कण जितका बारीक तितका उजेड आत न मुरता माघारी फिरतो, म्हणून पांढरं दिसतं, असं सांगितलं. वाणी गल्ल्यावरून ऐकत होता. आठवड्यानं पाहतो तर उंदरांनी मुतून पिवळी केलेली पोतंभर साखर त्यानं उन्हात वाळवून जात्यावर दळली होती, आणि ती कापसासारखी पांढरी दिसत होती. मी म्हणालो, “आबा, ही लोकांना विकणार?” तो हसला. “तुमीच शिकिवलं न्हवं, मास्तर? आता कुठं हाय पिवळं?” माडी त्याचीच, खोली जाईल म्हणून मी तसाच जिना चढून वर गेलो. पुढं शेजारी बारसं होतं. बाळाच्या आजीनं वाटी पुढं केली, “पयली साखर तुमीच लावा, मास्तर. आमच्यात कुणी शिकल्यालं न्हाय.” वाटीतून तोच वास आला. समोर वाणी पाहुणा म्हणून बसला होता. मी बोट बुडवलं आणि बाळाच्या ओठाला लावलं. ते मिटक्या मारत चाटू लागलं. आज कपाट दोनदा धुतलं, पण ते बोट अजून नाकाजवळ नेववत नाही.