बोलायची चोरी

माझे वडील, म्हणजे अप्पा, तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. कागदावर त्यांचं मराठी असं की साहेबसुद्धा मसुद्यातला एक शब्द बदलायला धजत नसत. घरात मात्र ते आमच्या कुंभार पिंपळगावचं बोलायचे. "काय माय, काय करून राह्यली?" ही त्यांची मला हाक. लेकीला माय म्हणायची आमच्याकडं पद्धतच आहे. एक मराठी कचेरीचं आणि एक आपल्या माणसांचं, अशी त्यांनी सरळ वाटणी केली होती.

मी पुण्याला शिकायला गेले आणि सहा महिन्यांत माझं बोलणं घासून पुसून काढलं. 'न्हाई' म्हटलं की वसतिगृहातल्या मुली हसायच्या. त्यांच्यावर चिडायचं सोडून मी स्वतःलाच सुधारलं. पुढं नवराही पुण्याचाच केला, कॅनडाला आले, आणि गाव कुठलं म्हणून कुणी विचारलं की 'संभाजीनगरच्या बाजूला' असं मोघम सांगू लागले. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते असंच आहे.

अप्पा निवृत्त झाल्यावर त्यांना आणि आईला कायमचं आमच्याकडं आणायचं मी डोक्यात घेतलं. आई लगेच तयार झाली. अप्पा अडून बसले. "लेकीच्या घरी चार दिवस बरं असतंय माय. कायमचं राह्यचं म्हंजे जावयाचं घर पडतंय ते," एवढंच म्हणायचे. मी वर्षभर पिच्छा पुरवला. आईचे गुडघे, नातीचं बालपण, सगळी हत्यारं काढली. शेवटी ते आले. पाच वर्षं राहता येईल असा व्हिसा होता, आणि पाच वर्षांनी माझं भागणार नव्हतंच.

सुरुवातीचे दोन महिने झकास गेले. सहा वर्षांच्या नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं काम अप्पांनी स्वतःकडं घेतलं. परत येताना कोपऱ्यावरच्या पंजाबी आजोबांशी आपल्या हैदराबादी वळणाच्या हिंदीत तासभर गप्पा. रात्रीच्या जेवणाआधी नातीला कचेरीतल्या गोष्टी. त्यातली तहसीलदाराच्या जीपमध्ये शेळी जाऊन बसते ती गोष्ट तिला रोज लागायची.

दर शनिवारी तिची मराठी शाळा भरायची, आम्हा हौशी पालकांनीच चालवलेली. एका शनिवारी अप्पाही आमच्याबरोबर आले आणि बाहेरच्या बाकावर बसले. वर्ग सुटता सुटता शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या लेकीला विचारलं, काय करतेस गं? ती म्हणाली, "मी चित्र काढून राह्यले." सगळे पालक हसले. त्यात कुजकेपणा नव्हता. "किती गोड! कुठून शिकली?" बाई मला म्हणाल्या.

आजोबांकडून, एवढं सांगून मला थांबता आलं असतं. मी अप्पांची नक्कल केली. हात मागं बांधले, आवाज जाड केला आणि म्हणाले, "काय मंग, काय करून राह्यले समदे?" लोक पोट धरून हसले, म्हणून मी पुन्हा केली. तेव्हा दारात अप्पा दिसले. नातीचं जाकीट हातात घेऊन तिला न्यायला आत आले होते.

घरी आल्यावर तरी माफी मागावी की नाही? तर मी म्हणाले, "अप्पा, तिच्याशी जरा शुद्ध बोलत जा ना. शाळेत तिचा गोंधळ होतो."

"बराबर हे तुहं," अप्पा म्हणाले. मग नातीचं जाकीट खुंटीला अडकवून, "तुझे म्हणणे बरोबर आहे."

मला वाटलं, गंमत करताहेत. मी हसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा घरात कचेरीचं मराठी बोलू लागले. "चहा झाला आहे काय?" "आज सायंकाळी बर्फ पडण्याची शक्यता दिसते." नवरा कौतुकानं म्हणाला, "अप्पा किती छान बोलतात गं हल्ली." शेळीची गोष्ट त्यांनी एकदा तशा भाषेत सांगून पाहिली. जीपचं दार उघडेपर्यंत आले आणि म्हणाले, "पुढचे मला आठवत नाही." नात रुसून निघून गेली. त्यांनी तिची समजूतही काढली नाही.

एका दुपारी भाजी निवडताना आई म्हणाली, "त्यायला तोंड उघडायची चोरी झाली बघ. माह्याशी बी दार लावून बोलून राह्यले."

मला इतकी शरम वाटली की मी तिच्यावरच खेकसले. "मी काय बोलू नका म्हटलं का त्यांना?"

"न्हाई," आई म्हणाली, "तू कशाला म्हणशील." आणि पुन्हा मेथीला लागली.

दार लावलेल्या त्या खोलीत जाऊन पाय धरायला मला दहा पावलं टाकावी लागली असती. पण माफी मागायची तर नकलेचं नाव काढावं लागणार होतं, आणि ते काही माझ्या तोंडून निघेना. आठव्या महिन्यात ते दोघं परत गेले. "घर फार दिवस बंद ठेवणे योग्य नाही," असं कारण अप्पांनी दिलं. फोनवरही ते तसंच बोलत राहिले.

त्यानंतर सव्वा वर्षानं मी एकटीच गावी गेले. जालन्याहून गाडीत बसल्यापासून 'अप्पा, माझं चुकलं' हेच मनात घोकत होते. बाजाराचा दिवस होता. अप्पा बी-बियाणांच्या दुकानासमोर बाकावर दोन दोस्तांबरोबर बसले होते, माझ्याकडं पाठ करून. "मी म्हणलं जल्दी कर बाबा, तं ह्यो गडी आपला पान खाऊनच राह्यला," असं काहीतरी रंगवून सांगत होते. मी मागं उभी राहून ऐकत राहिले. माझे वडील मला किती दिवसांनी ऐकू येत होते.

मग त्यांनी वळून पाहिलं आणि ते उठून उभे राहिले. "तू कधी आलीस? प्रवासात काही त्रास तर झाला नाही ना?"

घोकलेलं वाक्य गेलं कुठल्या कुठं. निदान त्यांच्या बोलीत तरी बोलावं म्हणून मी म्हणाले, "आत्ताच आल्ते, अप्पा."

तोंडातून निघताच कळलं, चुकलं. आल्ते म्हणजे आले होते. येऊन परत गेलेल्या माणसानं म्हणायचा तो शब्द. समोर उभी असलेली बाई नुसतं 'आले' म्हणते, हे गावातलं पोरही सांगेल. बाकावरचा एक म्हातारा खो खो हसला.

"हसू नको रे," अप्पा त्याला म्हणाले, "तिला सवय न्हाई राह्यली." आणि माझ्याकडं वळून, "बस. तुझ्यासाठी चहा मागवतो."