दलंदाच्या गालिच्यातले विळे

माझी नणंद दलंदा गालिचे विणायची. लहानपणापासून तिची हाडं ठणकायची. एकदा सुरू झालं की तीन-तीन दिवस ती उठायची नाही. आमच्या डोंगरातल्या बायका म्हणायच्या, हाडांत जिन्न शिरलाय. मग ट्युनिसच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तिचंच रक्त सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. गोल असायला हव्यात त्या पेशी विळ्यासारख्या वाकल्या होत्या.

घरी येताच तिने मागावर लाल विळे विणायला घेतले. दृष्ट लागू नये म्हणून घालतात ते मासेही काठाला घातले.

"अगं, एक काय ते ठरव ना! जिन्न की रक्त?" मी वैतागले.

"ठणकायला लागलं की मला दोन्ही लागतात, वहिनी. तू गुमान लोकर कात."

आमच्याकडे गालिचा जिवंत मानतात. मागावरून कापण्याआधी, मरणाऱ्याला पाजतात तसं धाग्यांना पाणी देतात. दलंदा मात्र कापूच देईना.

"माझं दुखणं संपलंय का? मग हा कसा संपेल?"

विणलेला भाग खाली गुंडाळायची आणि वर आणखी विळे. नऊ वर्षं.

या वसंतात एका सकाळी म्हणाली, "आज एक गोल विणते. बघू तरी कसा दिसतो."

दुपारी दुखणं उसळलं, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. शेवटचं पाणी मीच वाटीने पाजलं.

दफन झाल्यावर तीच वाटी आणि कात्री घेऊन मी मागाशी बसले. तिचा गोल अर्धाच राहिला होता, म्हणून विळ्यासारखा दिसत होता.

जन्मात कधी विणलं नव्हतं मी. आधी तो गोल पुरा केला. मगच धाग्यांना पाणी दिलं.