ऊन राहील, असं मी सांगितलं

एप्रिलमधली ती सकाळ खरोखरच उबदार होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सहा वर्षं मी याच एका खऱ्या गोष्टीच्या आडोशाला बसलो. न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या आमच्या घरामागे लाकडी डेक आहे. सकाळी सातला आई तिथे उभी होती आणि वायव्येकडून कोरडा, गरम वारा येत होता. "बघ, अगदी आपल्या चैत्रासारखा," ती म्हणाली.

हे २०१३ सालचं. बाबा गेल्यावर आई पुण्यात एकटीच राहायची, आणि चांगली राहायची. बँकेचं, गॅसचं, सोसायटीच्या मीटिंगचं, सगळं तीच बघायची. त्या वर्षी ती पहिल्यांदा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. निघताना मी फोनवर बजावलं होतं की घरचं केलेलं काही आणू नकोस, विमानतळावर काढून घेतात. तिने ऐकलं. पण दोन साड्यांमध्ये गुंडाळून पितळी सोऱ्या मात्र आणला, आणि एप्रिल लागल्याबरोबर मला इंडियन दुकानातून पाच किलो गहू आणायला लावले. एप्रिल म्हणजे कुरडया. साठ वर्षं तिच्या हातांनी हेच केलं होतं.

इथे एप्रिल म्हणजे पानगळ, हे मी तिला सांगितलं होतं. पण कसं सांगितलं, तर लॅपटॉपमधून मान वर न काढता.

कुरडयांचे गहू तीन दिवस भिजत घालतात. रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा, तो शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून पाडायचा. त्यानंतर दिवसभर खणखणीत ऊन लागतं. आमच्याकडच्या गारठ्यात तीन दिवसांचे पाच झाले. घरभर आंबूस वास भरला, पडद्यांना लागला, माझ्या ऑफिसच्या जॅकेटला लागला. कामाच्या ट्रेनिंगसाठी बायको दोन दिवस ऑकलंडला निघाली, तेव्हा टॅक्सीत बसताना तिने मोठा श्वास घेतला तो मी पाहिला.

आणि रोजचा एकच प्रश्न. "उद्या ऊन आहे का रे?" सकाळी दात घासताना, रात्री ताटावर बसताना. मी सारखा फोनवर हवामान बघतो हे तिने हेरलं होतं. या देशात राहणारा प्रत्येक जण बघतो, त्याशिवाय कपडेसुद्धा वाळत घालता येत नाहीत. पण तिच्या लेखी ऊन-पाऊस माझ्याच ताब्यात होता. "तुझ्या फोनला विचार ना एकदा." मी विचारायचो, सांगायचो, आणि तासाभराने ती पुन्हा विचारायची. पाचव्या दिवशी मी अगदी कातावलो होतो.

त्या सकाळी डेकवरून आत येत ती म्हणाली, "चीक आज शिजवायलाच हवा. उद्यापर्यंत आंबट होईल, मग फेकायचाच. दुपारी पाऊस नाही ना?"

फोन माझ्या हातातच होता आणि मी नुकतंच वाचलं होतं. शीत आघाडी, म्हणजे थंड हवेचा पट्टा, आदल्या रात्रीच आमच्या दक्षिणेकडच्या साउथ आयलंड बेटाच्या खालच्या टोकाला पोचली होती, तिकडच्या डोंगरांवर बर्फ पडला होता. दुपारपर्यंत ती आमच्यावरून जाणार होती. गरम वारा एकाएकी थांबणार, दक्षिणेकडून सोसाट्याचा वारा सुटणार, गारा, मुसळधार पाऊस, तापमान तासाभरात दहा अंशांनी खाली. वर नारिंगी पट्टीत इशारा होता. नकाशावर ती निळी रेघ वर सरकताना दिसत होती.

मी म्हणालो, "नाही. ऊन राहील दिवसभर."

का म्हणालो, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. सात वीसची गाडी होती. नाही म्हटलं असतं तर गॅरेज रिकामं कर, हीटर लाव, चादरी आण, सगळं आलं असतं. हे खरं आहे. पण याच्या खाली आणखी एक होतं आणि ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला त्या कुरडया भिजायला हव्या होत्या. एकदा पाच किलोंचं वाटोळं झालं की ही पुन्हा विचारणार नाही, असं मला वाटलं. तोंडाने 'आई, इथे हे होत नाही' म्हणण्याऐवजी मी ते काम वादळावर सोपवलं.

दुपारी एकच्या सुमाराला वेलिंग्टनमध्ये वारा पडला. पाच मिनिटं काही हललं नाही. मग दक्षिणेकडचं आकाश शाईसारखं झालं आणि आमच्या ऑफिसच्या अकराव्या मजल्याच्या काचा घुमायला लागल्या. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "आली वेळेवर." खाली रस्त्यावर एका बाईची छत्री उलटी झाली, तिने ती तशीच कचऱ्याच्या डब्यात खुपसली.

मी घरी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. दोनला मी निघालो, स्टेशनवर पोचलो, तर रुळांवर झाड पडल्याने आमची गाडी बंद. बदली बस मिळेल, म्हणून सगळ्यांना बाहेर रांगेत उभं केलं. पाऊस आडवा येत होता. एक बस भरून गेली, दुसरी भरून गेली. तिसऱ्या बसमध्ये मला उभं राहायला जागा मिळाली आणि मग ती बस दरीच्या रस्त्यावर तासभर जागची हलली नाही. मी फोन लावत होतो. आणि खरं सांगतो, मला काळजीपेक्षा राग जास्त येत होता. बसचा, ओल्या मोज्यांचा, आणि सगळ्यात जास्त तिचा. इतकी वर्षं हातात मोबाईल आहे, तो जवळ ठेवायला काय होतं?

घरी पोचलो तर दार उघडं. डेकवर चादर गोळा होऊन कठड्याला अडकलेली, फळ्यांवर गारा आणि गव्हाचा पांढरा लगदा. आई नव्हती. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारणीने हाक मारली.

शेजारीण सत्तरीची, एकटी राहणारी. तिच्या बैठकीत हीटरसमोर आई बसली होती, अंगावर शेजारणीचा लोकरी झगा, उजवं मनगट टॉवेलमध्ये. पायात जँडल्स घालून, म्हणजे साध्या रबरी सपाता घालून, ती गारांमध्ये कुरडया उचलायला धावली होती. ओल्या फळीवर पाय सरकला आणि हातावर पडली. कुंपणापलीकडून कुणीतरी ओरडल्यासारखं वाटलं म्हणून शेजारीण आली. तोवर आई दहा-पंधरा मिनिटं तिथेच पडून होती.

शेजारीण मला इंग्रजीत म्हणाली, "मी अकरा वाजता माझे दोरीवरचे कपडे काढताना तिला सांगितलं होतं. सदर्ली येतेय, दक्षिणेकडचं वादळ, आत घे हे सगळं. ती हसली. म्हणाली, नो रेन, माय बॉय टोल्ड."

मग ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या रेडिओवर सकाळपासून इशारा चालू होता.

आईने मला विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

मी मराठीत म्हणालो, "म्हणतायत, अचानक आलं. अंदाजात काहीच नव्हतं." शेजारणीसमोर, तिच्या सोफ्यावर बसून. तिला मराठी कळत नव्हतं आणि आईला तिचं भरभर इंग्रजी कळत नव्हतं. दोघींच्या मधली जागा मला पुरेशी होती.

"असू दे," आई म्हणाली. "पाच किलो गेले रे पण."

मनगटात दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर घातल्यावर रविवारी नाशिकच्या ताईचा व्हिडिओ कॉल आला.

"अगं आई, वादळात कुरडया घालतं का कुणी?"

आई काही बोलायच्या आत मी बोललो. "ऐकत नाही गं ती, ताई. शेजारणीने अकरालाच सांगितलं होतं आत घे म्हणून. ही हसली तिला."

माझ्याच खोट्यावर विश्वास ठेवून ती हसली होती, आणि तेच मी तिच्या अंगावर टाकलं. आईने प्लास्टरकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला वाटलं, ऊन राहील." 'हा म्हणाला' असं म्हणाली नाही.

ताई म्हणाली, "आता हिला एकटीला ठेवायची सोय नाही. उद्या गॅस चालू ठेवून झोपेल." मी म्हणालो, "हो, मलाही तेच वाटतं." हे वाक्य मी आणखी तीन-चारदा म्हणालो, दर वेळी जास्त समजूतदार आवाजात. दिवाळीपर्यंत पुण्याची जागा भाड्याने गेली. आई ताईकडे राहायला गेली, तिथे स्वयंपाकाला बाई होती. 'वादळात कुरडया' हा घरातला ठरलेला विनोद झाला. लग्नाकार्यात भाचे तिला चिडवायचे, "आजी, आज ऊन आहे का?" ती हसायची. मी व्हिडिओवर असलो तर मीही हसायचो.

या वर्षी, २०१९ च्या एप्रिलमध्ये, परत अशीच एक आघाडी आमच्यावरून गेली. त्यानंतरच्या रविवारी मी आईला फोन केला आणि सांगून टाकलं. फार लांबवलं नाही. फोन हातात होता, इशारा वाचला होता, तरी ऊन राहील म्हणालो.

"तू म्हणालास ते मला आठवतंय," ती म्हणाली. "मी म्हटलं, पोराचा अंदाज चुकला. चारचौघांत कशाला सांगायचं. पण तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि ताईपुढे मी ऐकत नाही म्हणालास."

"हो."

"सहा वर्षं मी स्वतःलाच तपासतेय रे. गॅस बंद केला का, तीनदा उठून बघते. म्हटलं, हे दोघं म्हणतायत तर असेल काहीतरी बिघडलेलं." मग तिचा आवाज एकदम सरळ झाला. "मला सांगून काय उपयोग? ताईला सांग. आत्ता. थांब, बोलावते."

ताईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "तुझ्या बोलण्यावर मी तिचं घर मोडलं. माझ्या हातांनी तिची भांडी वाटली." मग म्हणाली, "पण आता पंच्याहत्तर आहे ती. आता काय करायचं आपण?"

मागून आईचा आवाज आला. "तुम्ही दोघांनी पुष्कळ ठरवलंत. भाडेकरूंचा करार कधी संपतो, तेवढं सांगा."

करार दिवाळीला संपतो. मी भाडेकरूंना कळवलं आहे. ताईला हे पटलेलं नाही, ती माझ्याशी कामापुरतं बोलते. कदाचित आता खरोखरच उशीर झाला असेल. त्या वर्षी ती ज्या घरात सहज परत गेली असती, तिथे आता दोन जिने चढताना तिला मध्ये थांबावं लागेल, आणि ही सहा वर्षं मीच खाल्ली आहेत.

परवा आईने व्हॉट्सअ‍ॅपवर हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो पाठवला. अक्षर जरा तिरकं आहे, मनगट पूर्वीसारखं वळत नाही. पहिल्या ओळीत लिहिलंय, बाथरूममध्ये धरायला भिंतीत दांडी, माझ्या खांद्याच्या उंचीवर, येऊन माप घे.

मी तिकीट काढलं आहे.